देवाला गोगलगाय म्हणणारा

आडी महिना लागला की तंजावरचा वारा अंगावर धावून येतो. त्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो, असं तिथली तमिळ माणसं म्हणतात. त्या गुरुवारी सकाळी सहाच्या सुमाराला त्यानं परसातल्या शेवग्याची फांदी मोडली, आणि दोरीवर वाळत घातलेला मुरलीरावांचा सोवळ्याचा पंचा उचलून शेजारच्या स्कूटरवर नेऊन टाकलं. मुरलीराव ओलेत्यानं दारात उभे राहून ते बघत होते. गेलं सोवळं. दुसरा पंचा पेटीत होता तो नेसले, पंपाचं पाणी भरलं, आणि देवापुढं बसून पितळी डबी उघडली.

डबीत पाच शाळिग्राम. चार गुळगुळीत, काळेभोर. पाचवा तोंडाशी फुटलेला. त्या फुटक्या तोंडातून आतलं चक्र दिसतं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. मुरलीराव एकेक दगड तळहातावर घेऊन पाणी घालत होते. चोवीस वर्षांत हे काम एक दिवस चुकलं नव्हतं. बाकीचं पुष्कळ चुकलं होतं. चार दिवसांपासून महालक्ष्मी, त्यांची बायको, त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हती. नैवेद्याचा भात तिनं आणला, पाटाशेजारी आदळला, आणि गेली.

मुरलीराव बारावी नापास. बाविसाव्या वर्षी इथल्याच एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या खात्यात अटेंडर म्हणून लागले. कपाटं पुसायची, दगडांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, प्रोफेसरांना कॉफी आणायची. वर्षातून एकदा पोरांची सहल अरियलूरच्या चुनखडीच्या खाणीत जायची, तेव्हा सामान वाहायला हेच. तिथं ऊन डोक्यात शिरायचं, प्रोफेसर छत्रीखाली बसायचे, आणि हे हातोडी घेऊन खड्ड्यात उतरायचे. दहा वर्षांत त्यांचा हात असा बसला की नुसता दगड चाचपून सांगायचे, ह्यात शंख आहे, ह्यात नाही. नवे प्रोफेसर वर्गात जायच्या आधी गुपचूप त्यांना विचारून जात. पगार मात्र अटेंडरचाच राहिला. निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, आणि खात्यानं टाकून दिलेले वीसेक दगड त्यांनी पिशवीत घालून घरी आणले.

त्या दगडांनीच घात केला. रविवारी गल्लीतली पोरं ते बघायला यायची. मुरलीराव त्यांना सांगायचे, की पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची. आधी नुसता तापलेला गोळा, मग पाणी, मग पाण्यात किडा-मुंगीहून बारीक जीव. आपण सगळ्यांत शेवटी आलो, लग्नाला जेवण संपल्यावर पोचणाऱ्या पाहुण्यासारखे. गेल्या रविवारी एका पोरीनं अरियलूरचा वेटोळा दगड हातात धरून म्हटलं, "तात्ता, हा तुमच्या देवघरातल्या सामीसारखाच दिसतो की!"

तिथं गप्प बसायचं. पण ज्याला अख्ख्या आयुष्यात कोणी वर्गात उभं राहू दिलं नाही, त्याला गप्प कसं बसवेल? मुरलीरावांनी आंघोळ केली, सोवळं नेसून फुटका शाळिग्राम तळहातावर आणला आणि दुसऱ्या हातात अरियलूरचा दगड धरला. "बघा. एकाच कुळातले. हा समुद्रातला जीव. हिमालय आहे ना, जिथून सामी आला, तोही तेव्हा समुद्राखालीच होता." पोरीच्या आईनं मोबाइलवर ते घेतलं. संध्याकाळपर्यंत तंजावर, पापनाशम, चेन्नई, जिथं जिथं त्यांच्या मराठी गोतातलं माणूस होतं तिथं पोचलं.

आठ वाजता दारात गाडी थांबली. तिरुवैयारुहून बाळकृष्णराव आले होते, मुरलीरावांचे थोरले चुलतभाऊ, तहसील कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, गोतातले शेवटचा शब्द सांगणारे. गाडीच्या सीटवर धुतलेली चादर, अंगावर रेशमी सोवळं. विटाळ नको म्हणून ड्रायव्हरला दार उघडू दिलं नाही. स्वतःच लाथेनं ढकललं. त्यांचा बेत त्या सोवळ्यावरूनच कळत होता. ते देव न्यायला आले होते.

"बसा अण्णा," मुरलीराव म्हणाले.

"बसायला नाही आलो. देवाला गोगलगाय म्हणणाऱ्याच्या घरी बसू काय?"

"गोगलगाय नाही म्हटलं. माखलीच्या कुळातला."

"अय्यो! मासोळी-बाजारातली ती दहा पायांची माखली?" बाळकृष्णरावांनी कानांवर हात ठेवले. "ऐकलंस, महालक्ष्मी? तुझा नवरा देवाला बाजारात मांडतो."

महालक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मान हलवली, ती भावजींच्या बाजूनं.

"शाळिग्रामातलं चक्र वज्रकीटानं कोरलं," बाळकृष्णराव म्हणाले. "पुराणात लिहिलं आहे. सृष्टी ब्रह्मदेवानं केली, आणि हा कीट त्याच्याच आज्ञेनं दगडात शिरला."

"म्हणजे किडा तुम्हीच आणलात की! मी फक्त म्हणतो, तो शिरला नाही, तो आतच मेला."

"तोंड संभाळ! तुझे गोरे लोक दर दहा वर्षांनी पुस्तक बदलतात. आमचं बदललं काय? सृष्टी होऊन एकशे सत्त्याण्णव कोटी वर्षं जालीं. संकल्पात रोज म्हणतोस ना, श्वेतवराहकल्पे?"

"म्हणतो. अरियलूरच्या खाणीत मात्र म्हणून चालत नाही, तिथं खणावं लागतं."

"आणि तुझं तें उत्क्रांती का काय, तेंही आमच्याकडे आधीच होतं! मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह. पाण्यातून जमिनीवर. आमच्या ऋषींना सगळं ठाऊक होतं."

मुरलीराव हसले. हसायला नको होतं. "मग तें खरं की खोटं, एक काय तें ठरवा, अण्णा. खोटं असेल तर ऋषींनी कशाला सांगितलं? खरं असेल तर मला शिव्या कशाला? आणि कासवानंतर एकदम डुक्कर? मधे डायनॉसोर होते, ते कोठें गेले? सुट्टीवर?"

बाळकृष्णरावांचा चेहरा तांबडा झाला. हे भांडण आजचं नव्हतं. लहानपणी एकाच घरात वाढलेले दोघं. एकाला इंग्रजी शाळा मिळाली, एकाला दुकानातून सामान आणायचं काम. आता त्या सामान आणणाऱ्यानं प्रश्न विचारावा?

"अटेंडर होतास, अटेंडरसारखा राहा," ते म्हणाले. "प्रोफेसरांचं उष्टं खाऊन आम्हांस शिकवतोस? मोबाइल काढ. आपल्या गोताच्या ग्रुपात लिही: मी म्हटलं तें खोटं, शाळिग्राम हा कोणताही प्राणी नव्हे, क्षमा असावी. नाहीतर देव मी नेतो."

मुरलीराव पाटावरून उठले नाहीत. डबी त्यांच्या मांडीजवळ होती. बाळकृष्णरावांचे वडील गेले, चोवीस वर्षांपूर्वी, तेव्हा त्यांनीच ती मुरलीरावांच्या मांडीवर ठेवली होती. बदलीची नोकरी, मला कोठें जमतंय, तूच ठेव, म्हणून.

"पोरांपुढं देव काढला, तें चुकलं," ते शेवटी म्हणाले. "तेवढं लिहितो. पाहिजे तर नाक घासतो. पण म्हटलं तें खोटं, असं नाही लिहिणार. ह्या हातानं चाळीस वर्षं दगड फोडलेत, अण्णा."

"पोदुम! पुरे!" बाळकृष्णराव वाकले आणि डबीला हात घातला. मुरलीरावांनी डबीवर हात ठेवला. दोन म्हातारे एका पितळी डबीवर ओणवे झाले. हातांत जोर कोणाच्याच नव्हता, पण सोडायला कोणी तयार नव्हतं. मग मुरलीरावांनीच हात काढला. ओढाताणीत दगड खाली पडतील, ही भीती त्यांना जास्त होती.

बाळकृष्णरावांनी डबी छातीशी धरली आणि वळले.

"भावजी," महालक्ष्मी बोलली. चार दिवसांनी घरात तिचा आवाज ऐकू आला. "परवापासून पाणी कोण घालील?"

"काय?"

"देवाला. तुम्ही शनिवारी चेन्नईला मुलाकडे जाता, तेथून अमेरिकेस. वहिनी गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाल्या."

"सोय होईल गं. योग्य माणूस मिळेपर्यंत बँकेत लॉकर आहे. सुरक्षित."

महालक्ष्मीनं पदर खोचला. "लॉकरात?"

"मग रस्त्यावर ठेवू?"

"तेथें नैवेद्य कोण दाखवील, म्यानेजर? माझी गळ्यातली अट्टिगै आहे काय ती, बांगड्यांशेजारी ठेवायला? आमच्या घरी सुतक होतं तेव्हा शेजारचे सूर्यनारायण येऊन पाणी घालून गेले, पण देव उपाशी नाही ठेवला. ह्यांना ज्वर होता, भिंत धरून उठले. हे बोलतात वाईट. बहुत वाईट बोलतात, मला तोंड बघायला नको जालंय. पण पाणी घालतात. द्या इकडे."

"तुला शिवता येत नाही!"

"म्हणून म्हणतें, खाली ठेवा. ते उचलतील."

बाळकृष्णराव उभेच राहिले. सोवळ्यात, घाम गळत, दुसऱ्याच्या घराच्या मध्यभागी. मग त्यांनी डबी पाटावर ठेवली. ठेवताना मात्र आदळली नाही.

"पोंगल झाल्यावर, तैमासात हरिताचं लग्न ना?" ते म्हणाले. "आमच्यातलं एक माणूस मांडवात दिसायचं नाही. आणि तो व्हिडिओ मुलाकडच्यांना मी स्वतः पाठवतो. बघू, माखलीच्या कुळातली सून कोण करून घेतो तें."

"पाठवा," मुरलीराव म्हणाले. हरिता त्यांची एकुलती मुलगी.

गाडी गेली. मुरलीरावांनी डबी उघडली, पाचही दगड बोटांनी मोजले, पुन्हा पाणी घातलं. निवलेल्या भातावर तुळस ठेवून नैवेद्य दाखवला. मग स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "मला वाटलं, तू त्यांच्या बाजूनं आहेस."

"तुमच्याही नाही," महालक्ष्मी म्हणाली. "पोरीच्या सासरी आता तुम्हीच फोन करा. त्यांनी कळवायच्या आधी. काय सांगायचं तें सांगा, पण माझ्यासमोर त्या मेलेल्या प्राण्याचं नाव नको."

"करतो."

"जेवणानंतर करा. आत्ता ते कामावर जायच्या गडबडीत असतील."

तिनं विळी आणि केळीचा गाभा त्यांच्यापुढं ठेवला. मुरलीराव सोवळं सोडून लुंगी नेसून आले, विळीवर बसले, आणि गाभ्याच्या चकत्या पाडू लागले. प्रत्येक चकतीला तंतू सुटत होते. ते बोटावर गुंडाळून काढायचे, नाहीतर घशात अडकतात.

"पातळ," ती आतून म्हणाली. "आणि ताकात टाका, काळ्या पडतात."