सहा दिवस मानणारे साळवेकाका

नव्वदीच्या दशकात लग्न होऊन मी धारहून देवासला आले, तेव्हा श्री. शांतवन साळवे यांची पहिली ओळख झाली. नव्या माणसाने पहिल्याच रविवारी शास्त्रवाचन करायचे, हा आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत त्यांनीच पाडलेला पायंडा. मी भरभर वाचून मोकळी झाले. उपासनेनंतर ते म्हणाले, "बाई, बस चुकणार होती का?" मला राग आला, आणि माणूस आवडलाही.

काका नगरकडून कारखान्याच्या नोकरीसाठी इथे आले. फोरमन म्हणून निवृत्त झाले, मंडळीचे ज्येष्ठ पंच मात्र आजही आहेत. देवाने सृष्टी सहा दिवसांत केली, आणि ते दिवस आपल्यासारखेच, ही त्यांची ठाम श्रद्धा. मी विज्ञानशिक्षिका. "सूर्य चौथ्या दिवशी झाला, मग आधीचे तीन दिवस मोजले कसे?" असे मी विचारी. "देवाला घड्याळ लागत नाही, बाई." "मग कोट्यवधी वर्षंही लागू द्या की!" माझे यजमान आजारी होते तेव्हा काका रोज संध्याकाळी येत, प्रार्थना करीत आणि हाच वाद उकरून काढीत. मला रडायला फुरसत मिळू नये, एवढाच त्यांचा हेतू.

रविवारी मी मंडळीतल्या मुलांचा वर्ग घेत असे. मला स्वतःचे मूल नाही. तो वर्ग माझा जीव की प्राण. एकदा माझ्या माहेरच्या धार जिल्ह्यातल्या, डही गावाच्या वाटेवरच्या चुनखडकातले, दगड झालेले शिंपले मी मुलांना दाखवले. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता आणि तोही देवानेच केला, असे सांगितले. मुलांनी घरी निम्मेच सांगितले, देवाचे वगळून. झाले! पंचांची बैठक बसली.

"काका, ऐसा थोड़ी चलेगा," एक तरुण पंच म्हणाले. "आज उत्पत्तीचा पहिला अध्याय सोडला, उद्या अख्खं शास्त्रच सोडतील." माझा वर्ग काढून घ्यायचे जवळजवळ ठरले.

वादाआधी अध्याय वाचायचा, हा काकांचा शिरस्ता. त्यांनी आम्हा दोघांना उभे केले. तरुण पंचांना मराठी वाचन जमेना, म्हणून त्यांच्या हाती हिंदी बायबल दिले. एक वचन काकांनी, एक मी, एक त्यांनी, असा अध्याय संपला. या वेळी मी सावकाश वाचले.

मग काका तरुण पंचांकडे वळून म्हणाले, "बाईंचं म्हणणं मला पटत नाही. उद्याही पटणार नाही. पण भिया, वर्षं मोजण्यात त्या चुकत असतील, देव मानण्यात नाही. त्यांना काढायचं तर आधी मला काढा."

वर्ग राहिला, पण पुढच्या रविवारी एकही मूल आले नाही. मी रिकाम्या सतरंजीवर बसून होते. तेवढ्यात काका नातीचा हात धरून आत आले. "हिला शिकवा. काय शिकवता ते घरी मी तपासीनच!" तिला बसवून ते निघून गेले, आणि मी पदराने डोळे पुसले. पुढे हळूहळू बाकीची मुलेही आली.

हे उपकार फिटणारे नाहीत. पंच्याहत्तरीच्या या मंगल प्रसंगी परमेश्वराने काकांना धडधाकट ठेवावे, त्यांची नजर आणि आवाज शाबूत राखावा, एवढेच मागणे. मला त्यांच्याशी अजून पुष्कळ वर्षे भांडायचे आहे, आणि भांडून झाल्यावर त्यांच्याच शेजारी गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यायचे आहे.