अल्लीपूरला नेलेली खुर्ची

नातवंडांनो, तुमच्या आत्याची, म्हणजे माझ्या लेकीची, अट सरळ होती. दोन दिवस मैत्रिणींबरोबर खुशाल जा, पण 'घ्यायला ये' असा एक जरी फोन आला, तर पुढच्या प्रत्येक सहलीला मी सोबत येणार. आत्या गुणी आहे, पण ती सहलीला थर्मामीटर घेऊन जाते.

माझा उजवा पाय पोलिओने लहानपणीच कामातून गेला. सत्तरीनंतर त्याला पाठिंबा म्हणून डाव्यानेही संप पुकारला. वॉकर धरून चालते, पण उकिडवं बसणं अशक्य. आणि अल्लीपूरजवळ मैत्रिणीच्या शेतावरचा संडास पडला देशी. त्यावर उपाय म्हणजे माझी प्लास्टिकची खुर्ची, मधोमध गोल भोक पाडलेली. सामानाच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर होती. गाडीच्या टपावर सगळ्या जगाला दिसू नये म्हणून मी तिला फुलाफुलांचा अभ्राही शिवला, नाड्यांसकट. ही माझी चूक.

शनिवारी दुपारी पोचलो. शेतावर कामाला असणाऱ्या बाईंनी सामान उतरवलं. वांग्याची भाजी, पानगे, त्यावर तीन कप चहा. तिसऱ्या कपानंतर मी वॉकर टेकत संडासापर्यंत गेले, तर आत खुर्ची नाही.

खुर्ची निंबाखाली होती. शेजारच्या शेतातले म्हातारे भेटायला आले होते आणि बाईंनी त्यांना घरातली सर्वांत देखणी खुर्ची दिली होती. ते तिच्यात जरा खोल बसून रानडुकराची गोष्ट सांगत होते. डुक्कर अजून तुरीत शिरलंही नव्हतं.

"थांब ना जरा, जातीलच," गाडी चालवणारी मैत्रीण कुजबुजली.

"ते थांबतील. मी नाही थांबू शकत."

"त्यांना उठवायचं कसं? केवढा अपमान," शेताची मालकीण म्हणाली. "तुझ्या लेकीला फोन लावू का? दुसरी काही सोय घेऊन येईल."

लेकीचं नाव निघालं आणि माझी लाज संपली. मी म्हाताऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले.

"भाऊ, उठा. ती माझी संडासाची खुर्ची आहे, आणि मला घाई आहे."

दोन्ही मैत्रिणी एकदम चुलीतली राख बघू लागल्या. म्हातारे माझाच वॉकर धरून, गुडघे दाबत उठले. अभ्रा उचलून त्यांनी भोक पाहिलं.

"मी म्हणतो, मी खाली काऊन जाऊन राह्यलो," ते म्हणाले. मग, "धुतेली हाय ना, बाई?"

"रोज धुते."

मी संडासातून बाहेर आले तेव्हा म्हातारे खाटेवर माझी वाट बघत होते. डुकराचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

"भोक कोणाकून पाडलं?"

"वर्ध्याच्या सुताराकडून."

"माह्ये गुडघे गेले. दोन वर्सं झाले, पोराचा हात धरून जातो. तो तोंड फिरवून उभा राह्यते बिचारा."

रविवारी सकाळी ते लेकाला आणि घरच्या खुर्चीला घेऊन हजर. मी ताटली उपडी ठेवून पेन्सिलीने गोल काढून दिला, लेकाने करवत धरली. भुसा उडत असतानाच आत्याचा फोन आला.

"आई, सगळं ठीक ना? येऊ का घ्यायला?"

"आत्ता नको," मी म्हणाले. "भोक पाडतोय."