तक्रारदाराची शिफारस

सरकारी दवाखान्याच्या तळघरात, नऊ नंबरच्या खोलीत, एक्स-रेवाल्या बाई एकवीस वर्षं लोकांची हाडं बघत आल्या होत्या. "श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा," हे त्यांचं दिवसभराचं बोलणं. एवढ्यावर कुणाचं मन भरतं? म्हणून पहाटे साडेपाचला त्या घरी जुन्या कीबोर्डवर बसून रचना बांधायच्या. शब्द नसलेल्या, लांबलचक, वहीत नीट उतरवलेल्या. अशा एकोणीस वह्या झाल्या होत्या. नवरा कानात कापसाचे बोळे घालून झोपायचा आणि सात वाजता ते काढून म्हणायचा, "आज फार सुंदर झालं हं." संसार टिकवायची ज्याची त्याची रीत असते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईंनी संगीतरचनेत एम.ए. करायचं ठरवलं. नणंद म्हणाली, "वहिनी, या वयात?"

"मग कोणत्या वयात करू? मागच्या?"

नणंदेनं मग पापडांचा विषय काढला.

पदवी कोणतीही चालेल, तीन रचना जोडा, मुलाखत द्या, वर्ग संध्याकाळी. इथवर विद्यापीठ माणसात होतं. पण कुणा शहाण्यानं कलम सात घुसवलं होतं: उमेदवाराचं काम किमान पाच वर्षं जवळून ऐकलेल्या दोन व्यक्तींची पत्रं जोडावीत. ज्यांच्या घरी गाणारे-वाजवणारे चहाला येतात, त्यांचं हे कलम चहा निवायच्या आत पुरं होतं. तळघरात बरगड्या मोजणाऱ्या बाईनं कुणाचे पाय धरायचे? आणि का धरायचे?

एक पत्र नोटेशन शिकवणाऱ्या मास्तरांनी दिलं. दुसऱ्यासाठी बाईंनी मोठ्या भावाला गाठलं.

"लिहितो की," दादा म्हणाला. "आपल्या माणसासाठी एवढंही करू नये? फक्त एक सांग, तू वाजवतेस ते तबलाच ना?"

नवरा तर बोळ्यांमुळे बादच होता. पण खरं बोलला तो तोच. "तुझं सगळं ऐकणारा जगात एकच माणूस आहे."

"कोण?"

"खालचा."

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. खालच्या मजल्यावर वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक राहायचे. सगळी इमारत त्यांना मापारीकाका म्हणायची. भाजीवाल्याचा तराजूसुद्धा त्यांना बघून सरळ व्हायचा. अकरा वर्षांत त्यांनी बाईंच्या वाजवण्याविरुद्ध इमारतीच्या समितीकडे चौदा लेखी तक्रारी दिल्या होत्या, प्रत्येक तारीख-वेळेसकट. या माणसाच्या दारात जायचं म्हणजे नाक कापून हातावर ठेवायचं. तरी बाई गेल्या. काकांनी दार साखळीपुरतं उघडलं.

"काका, एक पत्र हवं होतं."

"पंधरावं? लिहायला घेतलंय."

"तसलं नको. विद्यापीठाला द्यायचंय. तुम्ही माझं काम ऐकलंय, एवढंच लिहा."

"वाजवणं बंद करा, वाटेल ते लिहून देतो."

"बंद केलं तर पत्र कशाला हवंय?"

"तो प्रश्न तुमचा," म्हणत काकांनी दार लावलं.

"उडत गेलं पत्र," असं दाराला ऐकवून बाई जिना चढल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी डावा हात जरा जास्तच दाबला.

मुदत शुक्रवारी पाचपर्यंत होती. बुधवारी नऊ नंबरात चिठ्ठी घेऊन कोण यावं, तर मापारीकाका. बल्ब बदलताना स्टुलावरून पडले होते, बरगडीत कळ येत होती. बाईंना बघून ते परत फिरणार होते, पण कळीनं फिरू दिलं नाही.

"शर्ट काढा. छाती पाटीला टेकवा. हनुवटी वर. श्वास घ्या. रोखा. हलू नका."

काचेमागून बाईंनी बटण दाबलं. फोटो क्षणात निघाला. काका मात्र 'सोडा' ऐकायची वाट बघत तसेच उभे. हा माणूस मध्ये बोलू शकत नाही, असं अकरा वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

"काका, परवा पाचला मुदत संपते," बाई म्हणाल्या. "खोटी स्तुती नको. ऐकलंत तेवढं लिहा. मास्तर सोडले तर दुसरं कुणी ऐकलेलंच नाही हो माझं. सोडा."

काकांनी श्वास सोडला. तोंड टोमॅटोसारखं झालं होतं. "ही दादागिरी आहे."

"आहे. शर्ट घाला. हाड शाबूत दिसतंय, पण डॉक्टरांना दाखवून घ्या."

शुक्रवारी तीन वाजता दाराखालून एक पाकीट सरकलं. काकांना जन्मात एकाच तऱ्हेचं पत्र लिहिता येत होतं. त्यांनी तेच लिहिलं होतं.

'विषय: वरच्या मजल्यावरील वादनाबाबत. महोदय, सदर बाई अकरा वर्षं रोज पहाटे पाच एकतीस ते सहा चाळीस वाजवतात. आजारपणाचे नऊ दिवस सोडता खाडा नाही. पहिली चार वर्षं वादन असह्य होते. पाचव्या वर्षापासून सुधारणा आढळली. त्यामुळे त्रास वाढला, कारण पूर्वी मला पुन्हा झोप लागत असे; आता पुढे काय येते ते ऐकावे लागते. एका बाजूला भार टाकला की दुसऱ्या बाजूने उचलतात. माप मारलेले एकदाही आढळले नाही. तरी योग्य ती कारवाई व्हावी.'

बाईंना रडावं की खाली जाऊन भांडावं, ते कळेना. नवरा म्हणाला, "अगं, हे दिलंस तर हसतील."

"हसू देत. यात खोटं काय आहे?"

पाचला दहा कमी असताना त्या विद्यापीठाच्या खिडकीशी पोचल्या. कारकून म्हणाला, "हे नमुन्यात बसत नाही."

"कलम सात काढा. नमुना हा शब्द दाखवा, मी घरी जाते."

कारकुनानं कलम वाचलं, पुन्हा वाचलं आणि शिक्का मारला.

मुलाखतीला समोर तिघं. मधल्या प्राध्यापकबाईंनी ते पत्र दोन बोटांत धरलं होतं. "हे तुम्हीच कुणाकडून गंमत म्हणून लिहून घेतलंय, अशी आम्हाला शंका आहे."

"फोन लावा," बाई म्हणाल्या. आवाज चढलाच.

फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. काकांना प्रकार समजावून सांगितला. मग बाईंनी तिथल्या पियानोवर स्वतःची एक रचना वाजवली.

"ओळखलंत का?" प्राध्यापकबाईंनी फोनला विचारलं.

"ओळखलं. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातलं. पण माप कमी आहे."

"म्हणजे?"

"मधे सात मोजेपर्यंत थांबतात. आज तीनच मोजले. चार मारले."

"काका, घाबरलेय मी," बाई पियानोवरून म्हणाल्या.

"खुशाल घाबरा. पण सात मोजा."

बाईंनी ओठ दाबून पुन्हा सुरुवात केली. या वेळी मधे हात उचलले आणि सात मोजले. कडेचे प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले, ते मागे टेकायचं विसरले. रचना संपल्यावर फोनमधून आलं, "आता भरलं."

प्राध्यापकबाई हसल्या आणि पेन उघडलं. "प्रवेश द्यायला माझी हरकत नाही. मात्र घरी रोज चार तास सराव लागेल, नोकरी सांभाळून."

"किती?" फोन म्हणाला.

"चार तास."

"घरी? ऐका, ते माझं पत्र आहे ना, ते मी मागे..."

बाईंनी हात लांब करून लाल बटण दाबलं.

"लाइन गेली," त्या म्हणाल्या. "तुम्ही सही करा."