वाट बंद करणारी फांदी

इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या त्या महालात आम्ही नऊ जण पहाटे पाचला शिरलो. चव्वेचाळीसचा हिवाळा, बर्फ पोटरीपर्यंत. कुणा सरदाराचा तीनशे वर्षांचा महाल, छतावर सोनेरी चित्रं अन् खाली आम्ही दात वाजवत बसलेलो. कसली ऐट अन् कसलं काय!

शिपाई रुमाल्या माझा जोडीदार, तोरणमाळचा पावरा आदिवासी. मी खांडबाऱ्याचा. महालामागे उतरणीला वाटेला दोन फाटे फुटत होते. डाव्या वाटेत सुरुंग आहेत हे रुमाल्यानं हेरलं आणि तिच्या तोंडावर वाळकी फांदी आडवी टाकली. सातपुड्यात पुढे गेलेला माणूस चुकीची वाट अशीच बंद करतो. मी फांदी पाहिली, समजलो, उजवीकडून पाणी घेऊन आलो. तोही कुणाला बोलला नाही, मीही नाही. आमच्याकडे पोरंटोरं हे जाणतात, त्यात सांगायचं काय!

दुपारी एकला मॉर्टरचा गोळा अंगणात पडला. रुमाल्याची मांडी फाटली, रक्त थांबेना. हवालदार साताऱ्याचे, मायाळू माणूस. त्याला गरम चहा मिळावा म्हणून त्यांनीच ती फांदी सरपणाला उचलून आणली. मला हे नंतर कळलं. चहा मीही प्यालो होतो.

तीनला वायरलेसवर हुकूम आला. "जखमीला अंधाराआधी खाली आणा. ओव्हर."

अंधाराआधी डॉक्टर गाठला तरच तो वाचणार होता. बेशुद्ध रुमाल्याला स्ट्रेचरवर घेऊन दोघे निघाले. मी वरच्या खिडकीत ब्रेनगनवर. फाट्यावर ते डावीकडे वळले.

"उजवीकडे! उजवीकडे जा!"

वारा उलटा होता. मी हवेत फैर झाडली. दुश्मन आला समजून ते त्याच वाटेनं पळाले. मग स्फोट झाला. तिघंही गेले.

पलटणीतून सुटून आल्यावर तोरणमाळचा घाट चढलो. पोरगा कसा गेला ते ऐकून रुमाल्याच्या बापानं बाजारापुरत्या अहिराणीत विचारलं, "फांदी कोनी टाकेल नव्हती का?"

"टाकेल व्हती. तुमना पोऱ्यानीच. मी देखी व्हती, बाबा. बोलनू नही."

म्हाताऱ्यानं ओट्यावर माझं अंथरूण टाकलं. मला रात्रभर झोप नाही, लाज वाटत होती.

सकाळी मी एकटाच उतरलो. पहिल्या फाट्यावर चुकीच्या वाटेवर फांदी टाकलेली होती आणि तिच्याशेजारी म्हातारा उभा होता. "आठून जाय," त्यानं हातानं दुसरी वाट दाखवली. तेवढं सांगायला तो माझ्याआधी घाट उतरून आला होता.