इंटरनेट-सान कोण?

मागच्या शनिवारी योकोहामात माझी चांगलीच फजिती झाली... आणि ती करणारा माणूस इतका सभ्य होता की मला धड चिडताही येईना.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम यंदा मी आपणहून अंगावर घेतलंय. मुखपृष्ठासाठी एक झकास फोटो मिळाला होता. पिवळ्या भिंतींची गल्ली, नक्षीदार बाल्कन्या आणि त्यांना टांगलेले कागदी आकाशकंदील... गोवाच! मी खाली ऐटीत टाइप केलं, 'छायाचित्र साभार: इंटरनेट', आणि स्टेशनजवळच्या प्रेसमध्ये गेले.

प्रेसचे मालक ओनो-सान (जपानीत नावापुढे आदरानं 'सान' लावतात, आपल्या 'जी'सारखं), साठीच्या पुढचे. मराठी त्यांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक ओळीचा अर्थ ते मला विचारतात आणि त्यांच्या फॉर्मवर लिहून ठेवतात. मुखपृष्ठाच्या त्या ओळीपाशी आले, पेन सरसावलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "इंटरनेट-सान म्हणजे कोण? त्यांची परवानगी घेतलीत ना?"

मी खो खो हसले. ते हसले नाहीत. फोटो कुणाचा ते बुधवारपर्यंत कळवा, नाहीतर मुखपृष्ठ बदला, एवढंच म्हणाले आणि वाकून नमस्कार करून मला दारापर्यंत सोडलं.

प्रेसमधून निघाल्यापासून माझी नुसती चडफड चाललेली. अहो, आपल्याकडे 'साभार' लिहिलं की विषय संपतो! आणि मग ट्रेनमध्येच कधीतरी आईची कविता आठवली.

मी जपानला आले तेव्हा आईनं माझी पुण्यातली खोली आवरता आवरता एक कविता लिहिली होती. तिनं ती एका मैत्रिणीला पाठवली, तिनं पुढे, त्यांनी आणखी पुढे. काही महिन्यांनी तीच कविता आईच्याच फोनवर गुड मॉर्निंगबरोबर परत आली. खाली लिहिलेलं, 'कवी अज्ञात'.

"जाऊ दे गं, पोचली ना लोकांपर्यंत," एवढंच आई म्हणाली. पण नंतर तिनं कविता लिहिली नाही. मी मात्र ज्या ग्रुपवर ती दिसेल तिथे जाऊन कडाकडा भांडते. ती कविता आईच्या नावानिशी छापायची, म्हणून तर या अंकाचं काम घेतलं होतं... आणि त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर मी काय केलं? शी! माझी मलाच लाज वाटली.

सोमवारी ऑफिसात लंचला लॅपटॉपवर तोच फोटो उघडून बसले होते. शेजारी माझी कलीग हो-सान. (तिचं आडनाव खरंच 'हो' आहे. पहिला महिनाभर मला तिला हाक मारतानाच हसू यायचं.) ती वाकून बघत म्हणाली, "हा फोटो तुझ्याकडे कसा? ही आमच्या मकावची गल्ली आहे!"

घ्या! ना गोवा, ना दिवाळी. पोर्तुगीज दोन्हीकडे होते, त्यामुळे बाल्कन्या सारख्या. आणि ते कंदील तिथल्या शरदातल्या पौर्णिमेचे. ती गल्ली बघून हो-सानचे डोळेच चमकले.

मग तिनंच शोधाशोध केली. एका जुन्या फोटोंच्या साइटवर तो सापडला, तीसेक वर्षांपूर्वीचा. आणि तिथून जे कळलं त्यात मी अशी रमले की लंच थंड झालं. मकाव चीनचा भाग, पण स्वायत्त... त्यामुळे कॉपीराइटचा कायदाही त्यांचा त्यांचा. शेजारच्या हाँगकाँगचा वेगळा, मकावचा वेगळा. मकावमध्ये फोटोवरचा हक्क तो काढल्यापासून पंचवीस वर्षांनी संपतो. मग फोटो सगळ्यांचा!

म्हणजे सुटले की मी! मी टाळीसाठी हात पुढे केला. हो-साननं टाळी दिली नाही.

"हक्क संपला. नाव नाही संपत," ती म्हणाली. फोटो कुणीही छापू शकतं, पण तो काढणाऱ्याचं नाव त्याच्याबरोबर राहतं, त्याला मुदत नाही. हेही त्याच कायद्यात आहे म्हणे.

फोटोखाली चिनी अक्षरांत नाव होतं. एका बाईंचं, एवढं हो-साननं सांगितलं; उच्चार विचारायचा राहून गेला. बुधवारी मी ते ओनो-सानना दाखवलं. जपानीतही तीच अक्षरं वापरतात, त्यामुळे त्यांनी लगेच वाचलं, "हायाशी-सान." मी तसंच लिहायला निघाले होते, पण आता एकदा पोळलेली... तिथूनच हो-सानला फोन लावला. ती म्हणाली, अक्षर तेच, पण आमच्याकडे त्याचा उच्चार 'लाम'. पूर्ण नाव लाम वाई-यी. मी देवनागरीत लिहिलं, तिला चार वेळा म्हणून दाखवलं, मगच छापायला दिलं. ओनो-साननी फॉर्मवर 'इंटरनेट-सान' खोडलं आणि त्यांच्या लिपीत बाईंचं नाव लिहिलं.

काल आईला अंकाची पीडीएफ पाठवली आणि व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं, आधी स्वतःची कविता काढेल. पण ती मुखपृष्ठावरच अडली. चष्मा पुसून एकेक अक्षर लावत वाचलं, "लाम... वाई... यी. अगं, या बाई वाईच्या का?"

मी हसून लोटपोट! मग तिला सगळं सांगितलं... ओनो-सान, मकाव, पंचवीस वर्षं, नाव न संपणं. ते ऐकून ती पानं सरकवत स्वतःच्या कवितेपाशी गेली आणि खाली छापलेलं स्वतःचं नाव तसंच, एकेक अक्षर लावत, मोठ्यानं वाचलं.

आज सकाळी तिचा मेसेज आला. गुड मॉर्निंग नाही, चार ओळी. नव्या! आणि खाली, तिनं स्वतः टाइप केलेलं, तिचं पूर्ण नाव.

ओनो-सान, तुम्हाला मराठी येत नाही, त्यामुळे हे तुम्ही वाचणार नाही. पण त्या दिवशी तुम्ही हसला नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार.