स्थळ पाहणारी केसरअक्का

केसरअक्का नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारते तो त्याच्या मामाचा. नाव नंतर, पाणीही नंतर. पारोळ्याजवळच्या आमच्या गावी बँकेचे नवे साहेब आले, ते खुर्चीला टेकायच्या आत ही म्हणाली, "तुमना मामा कोन गावना, साहेब?" साहेबांनी मामाचं गाव सांगितलं, धंदा सांगितला, मामीचं आणि मामाचं पटत नाही हेसुद्धा सांगून टाकलं. मगच त्यांना चहा मिळाला. एकदा तिला फोन आला, तुमचं खातं बंद पडणार, मोबाईलवर आलेला नंबर सांगा. अक्का म्हणाली, "सांगस ना भाऊ. पन आधी तुना मामा कोन गावना?" वीस मिनिटं तिनं त्याला सोडला नाही. शेवटी त्या चोरानंच फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी अक्कानं त्याच नंबरावर उलटा फोन लावला, उत्तर राहिलं होतं म्हणून.

ती आमच्या बचत गटाची अध्यक्ष. चाळीस बाया तिच्या हाताखाली. खरं सांगतो, बाईनं अध्यक्ष व्हावं हे मला तेव्हा पटत नव्हतं. ती दुसरी शिकलेली, मी तिसरी पास. एक इयत्ता म्हणजे काही थोडीथोडकी नाही. तरी गावात कुणी योजना घेऊन आला की लोक माझ्या ओट्यावरून पुढं जायचे आणि तिच्या दारात थांबायचे.

तिचं म्हणणं एकच. "पैसा म्हंजे घरनी पोर शे आबा. पोर देतांना घर दखतस, मामा-मावश्या इचारतस. मंग पैसा देतांना नुसता माणूसना बूट दखीसन काबर देतस?"

मी हसायचो. हसायचो, कारण मी बूट पाहूनच पैसे दिले होते.

झालं असं की पारोळ्याच्या बाजारात एकानं काचेचं ऑफिस थाटलं. दीड वर्षात रक्कम दुप्पट. वर भिंतीवरचं घड्याळ फुकट. मी नुसता डोकावलो, तर तो खुर्चीतून उठला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आबासाहेब, तुमच्यासारखी जाणती माणसं आली की आम्हाला बळ येतं." जन्मात मला कुणी आबासाहेब म्हटलं नव्हतं. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे दोन लाख माझ्याकडं होते. म्हातारीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले. ते मी त्याला देऊन आलो. घड्याळ कडब्यात लपवलं. म्हातारी विचारायची, दवाखान्यात कधी जायचं? मी म्हणायचो, थंडी सरू दे, तोवर तेल चोळ.

पुढं तोच माणूस गटाच्या बायांकडं आला. चाळीस बायांची बचत एकदम टाका म्हणाला. बाया तयार होत्या, अक्का सोडून. ती रविवारी सकाळी माझ्याकडं आली. "आबा, टोपी घाला. धुळ्याले जानं शे. त्या काचना ऑफिसवाला साहेबनं घर दखाले."

"मी कशाला?"

"टोपीवाला म्हातारा नसला का चौकशीले वजन येत नही. तुम्ही फक्त खाकरत बसा. बोलनं मी करसू."

नाही म्हणावं तर संशय. गेलो.

धुळ्यात देवपूरला त्याचं घर; पत्ता अक्कानं त्याच्या ऑफिसात चहा देणाऱ्या पोराकडून काढला होता. दार त्याच्या आईनं उघडलं. अक्का म्हणाली, "आम्ही पारोळाकडथून उनात. तुमना पोऱ्यानी चौकशी करानी होती." एक अक्षर खोटं नाही. पण रविवारची सकाळ, दारात इस्त्रीची टोपी, काठापदराची बाई आणि तोंडात चौकशी हा शब्द. त्या माउलीनं पदर सावरला, आत हाक मारली आणि पोह्याला फोडणी पडली.

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पोलिसानं आठ दिवस कोंडून काढलं नसतं ते त्या माउलीनं पोह्याच्या एका बशीत सांगितलं. पोराचं नाव वेगळंच निघालं. ऑफिसातलं नाव "धंदाना नाव" होतं म्हणे. मामाचं विचारलं तर मामाच भागीदार. अक्कानं काळजीच्या सुरात विचारलं, "लगीननंतर पोर पारोळाले ऱ्हाई का?"

"छे वो माय! या महिनाले ऑफिस बंद. मंग सुरत. तठे फ्लॅट लिधा. तुमनी पोर राज करी." आणि मोठ्या अभिमानानं पुढं म्हणाली, "आमना पोऱ्या एक जागे टिकत नही. पन जठे जास, तठे कमाई करीसन उठस."

माझ्या घशात पोहे अडकले. मी खाकरलो, ठसकलो, डोळ्यांतून पाणी आलं. अक्का हळूच म्हणाली, "इतलं खाकराले नव्हतं सांगेल, आबा."

तेवढ्यात तो साहेब आतल्या खोलीतून लुंगीवर बाहेर आला. आई म्हणाली, "पाया पड, तुले स्थळ उनं." त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आबासाहेब, तुम्ही?" मग त्याला कळलं आणि चेहऱ्याचा रंग उडाला. अक्कानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. म्हणाली, "पोऱ्या चांगला शे. कळवसू."

बसमध्ये तिनं दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाली, "कितला दिधात, आबा?"

"एक छदाम नाही," मी म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मारुतीच्या पारावर बैठक घेतली. ठाण्यातल्या फौजदारबाई बोलावल्या होत्या. तरणी पोर, पण कडक. ती म्हणाली, "त्याला सुगावा लागलाय, तो आज-उद्या गाशा गुंडाळेल. खातं गोठवायचं तर तक्रार हवी. तक्रारीला पावती हवी. कुणी भरलेत पैसे?"

बायांपैकी कुणीच भरले नव्हते. मागं आम्ही पुरुष उभे. सगळे आभाळाकडं बघत.

अक्कानं माझ्याकडं बघितलंही नाही. ती सगळ्यांना म्हणाली, "सासरले पोर कोंडेल शे. आते बापले लाज वाटी तर तिले माघारी कोन आनी?"

समोरच म्हातारी गुडघे चोळत बसली होती. मी उभा राहिलो. म्हणालो, "माझी पावती आहे. दोन लाखांची."

बाया हसल्या, हे काय सांगायला पाहिजे? चाळीस बाया एकदम हसल्या तर पारावरची कबुतरं उडतात. म्हातारी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "म्हनीसन दोन महिना माले तेल चोळाले लावं का तुम्ही!" मग कबुतरं दुसऱ्यांदा उडाली. सगळ्यांत मोठ्यानं हसत होते ते आमचे गुरुजी, पेन्शनवाले. अक्का त्यांच्याकडं नुसती बघत राहिली. हसू हळूहळू बारीक झालं, आणि गुरुजींनी बंडीच्या खिशातून घडी केलेली पावती काढली. मग पोलीस पाटलांनी काढली. मग एकेक करत सात निघाल्या. सातही पुरुषांच्या.

त्या दुपारीच खातं गोठलं. साहेब सुरतेच्या वाटेवर सापडला. निम्मे पैसे परत आले, निम्मे कोर्टात आहेत. म्हणून म्हातारीचा उजवा गुडघा नवा आहे आणि डावा तारखेवर आहे. ती उजव्या पायानं चालते आणि डाव्या पायानं मला बोलते.

अक्काला आता गावोगाव बोलावतात, बायांना शिकवायला. ती मला सोबत नेते. म्हणते, "हाई आमना आबा. पहिला तक्रारदार." पहिला, हे लक्षात घ्या. गुरुजी दुसरे.

मागं फैजपूरकडच्या एका गावात मी माझी हकीकत सांगत होतो, तर मागं बसलेला एक फेटेवाला म्हातारा उठून निघाला. अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "त्यानामांगे तुम्ही जा. मी गयी तर तो काई बोलनार नही."

तो केळीच्या बांधावर पाठमोरा बसला होता. मी शेजारी टेकलो. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मी म्हणालो, "माझे दोन लाख होते."

त्यानं मान न वळवता विचारलं, "फक्त दोन?"

"दोन."

"माहे तीन," तो म्हणाला. आवाजात जरा गर्वच होता.

मला रागच आला. पण मी उठलो आणि अक्काला हाक मारली, "या, आणखी एक पावती निघाली."