तिन्ही टीम हिरव्या

मीटिंगांचा मला मनस्वी तिटकारा. तीन टीमची कामं एकमेकींशी जुळवणं हीच माझी नोकरी, तरीही. दर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटच्या सुरुवातीला आमच्याकडे तासन्‌तास चऱ्हाट चालायचं, ते मीच बंद केलं. प्रत्येक टीमने एकच उद्दिष्ट सांगायचं. झालं तर हिरवा, नाही तर लाल. बास! सगळे खूश. किहीमच्या समुद्रकाठच्या घरातून कॉल आटोपला की मी चहा टाकायला मोकळी.

आम्ही मच्छीमारांना वादळाचा इशारा देणारी सोय बनवत होतो. पुण्याची टीम वाऱ्याचा अंदाज घेऊन इशारा तयार करणार, नवी मुंबईची तो मोबाइलवर पाठवणार आणि तिसरी होडीवाल्यांचे नंबर नोंदवणार. चाचणीसाठी इथल्याच काही होड्या घेतल्या. त्यात माझ्या धाकट्या दिराची होडी मीच हौसेने घातली. त्या स्प्रिंटला तिन्ही टीम हिरव्या.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी माझा फोन वाजला. ‘वादळी वारे येत आहेत. होडी ताबडतोब किनाऱ्याला आणा.’ अगं बाई, चाललं की! तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर पुण्याहून एकाने लिहिलं, मलापण आला. मग नवी मुंबईहून दुसऱ्याने. अंगठे काय, टाळ्या काय! आणि मग माझ्या लक्षात आलं. आम्हाला कसा येतोय?

सोय बनवताना तपासायला घातलेले आमचेच नंबर अजून पाठवायच्या यादीत होते. नोंदवलेले खरे नंबर जोडायचं काम पाठवणाऱ्यांचं, असं नोंदवणाऱ्यांना वाटलं. पाठवणाऱ्यांना वाटलं, ते नोंदवणाऱ्यांचं. मधलं काम कुणाच्याच उद्दिष्टात नव्हतं. जमिनीवर बसलेल्या आम्हा सगळ्यांना इशारा मिळाला होता, समुद्रातल्या एकालाही नाही.

“टाळ्या कसल्या पिटताय मेल्यांनो, एकेकाला फोन लावा!” मी कॉलवर ओरडले. बाकीच्या होड्यांचे फोन लागले. दिराचा फोन वाजून वाजून बंद झाला, मग संपर्कक्षेत्राबाहेर. बाहेर माडांच्या झावळ्या एका अंगाला ओढल्या जात होत्या. जाऊबाईचा फोन आला. “ताई, ह्यांना मेसेज गेला ना?” “बघते,” एवढंच म्हणाले. स्कूटर काढली आणि किनाऱ्याकडे सुटले.

किनाऱ्यावर आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या. ती देवाचं नाव घेत होती, आणि मला तिच्याकडे बघायची भीती वाटत होती. खरं सांगते, इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

दिवेलागणीला होडी दिसली. दीर उतरला तो नखशिखांत भिजलेला, कपाळाला खोक पडलेली. मी रडतच त्याच्यावर डाफरले, “भावजी, वारा फिरलेला दिसला नाही का हो?”

“दिसला की,” तो म्हणाला. “मागं फिरणारच होतो. पन वहिनी, तुझा मेसेज न्हाय आला. म्हटलं मग काय भ्यायचं न्हाय, थांबू अजून.”